कट्ट्यावर बसवलेला परका प्रोग्राम

मित्रांनो, जगातली निम्मी भांडणं जागेवरून होतात आणि उरलेली निम्मी संशयावरून. राज्यं याच कारणांनी बुडाली, भाऊ याच कारणांनी वेगळे झाले, आणि माणूस चंद्रावर गेला तोही बहुधा शेजारी आधी जाईल या संशयानंच. हे मी दीर्घ अनुभवानं सांगतो आहे. माझा अनुभव म्हणजे सोलापुरातल्या भवानी पेठेत, अण्णारावांच्या दुकानात, एका टेबलाचा डावा कोपरा. उजव्या कोपऱ्याविषयी मला फारशी माहिती नाही. तिथे स्टॅबिलायझर असतो.

मी संगणक आहे. जुना, राखाडी, आणि काम सांगितलं की आधी पंख्यातून कण्हणारा. माझा जन्म एका ठिकाणी झाला नाही. पोट एका खोक्यातून आलं, मेंदू दुसऱ्यातून, आणि पडदा तर तिसऱ्याच घरचा. एका माणसानं स्क्रू पिळून आम्हाला एकत्र बसवलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, 'असेंबल्ड आहे, पण ब्रँडेडच समजा.' जन्मल्यावर कानावर पडलेलं पहिलंच वाक्य असं. पुढे माझा कुणावरही विश्वास बसला नाही यात माझा काय दोष?

अण्णारावांनी मला विकत घेतलं ते बैल घेतल्यासारखं. समोरून बघितलं, मागून बघितलं, सीडीचा ट्रे उघडून दात बघितले, वायर ओढून मी ओरडतो का ते पाहिलं. मग घरी आणलं. सुंदरम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून बघायच्या आणि 'ह्यात सगळं असतंय म्हणे' असं म्हणून लांब उभ्या राहायच्या. नंतर घराघरांत मोबाईल आले. मग माझ्या पडद्यावर टॉवेल वाळत पडू लागला.

आता दुकानाचा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या सोलापुरी चादरीवर जी फुलं-पाखरं उठतात, ती आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढतात. पण मागाला कागद वाचता येत नाही. त्याला कळतात फक्त पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं. भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. ग्राफवरून कार्डं पाडून मागवाल्यांना द्यायची, हा अण्णारावांचा धंदा. माझ्या शेजारी कार्डं पाडणारं पंचिंग मशीन आहे. त्याला हुकूम मी देतो. म्हणजे देत होतो. ज्या कंपनीचा प्रोग्राम माझ्यात होता ती कंपनी बंद पडली, मागोमाग तो प्रोग्रामही एक दिवस उघडेनासा झाला, आणि मशीन मुकं झालं.

अण्णाराव मूळचे असे संशयी नव्हते म्हणतात. पण एकदा त्यांचं मोर-वेलीचं डिझाईन, अजून त्यांनी कार्डंही दिली नव्हती, तोच दुसऱ्या कुणाच्या तरी चादरीवर बाजारात दिसलं. कुणी नेलं ते कधीच कळलं नाही. आणि जो चोर कळत नाही तो सगळ्यांत दिसतो. तेव्हापासून माझ्या पेन ड्राइव्हच्या दोन्ही भोकांवर अण्णारावांनी वायरमनची काळी टेप चिकटवली. गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडावर टॉवेल. मालकाचा पासवर्ड टाईप करताना ते खांद्यावरचं उपरणं कीबोर्डवर पसरायचे आणि त्याच्या आत हात घालून, जत्रेत बैलाचा भाव ठरवतात तसे बोटं हलवायचे. आणि ते मला कधी बंद करत नसत. एकदा बंद केल्यावर मी उठायला दुपार केली होती. तेव्हापासून त्यांचं मत असं, की झोपलेला उठेलच याचा काय भरवसा? लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. मी महिनोन्महिने जागा.

अण्णारावांची मुलगी धनलक्ष्मी. कापड डिझाईनचं शिक्षण घेतलेली, बोलायला थोडी, आणि एकदा खुर्चीत बसली की उठवायला सुंदरम्मांना तीनतीनदा हाक मारावी लागे अशी. तिला हे दुकान चालवायचं होतं. तिनं एक डिझाईन काढलं होतं: फोडलेलं डाळिंब, आत दाण्यांच्या रांगा. आजोळ सांगोल्याचं, तिथल्या बागांमध्ये तिच्या सुट्ट्या गेलेल्या. अण्णारावांनी ग्राफ बराच वेळ बघितला आणि विचारलं, की डाळिंब पांघरून कोण झोपणार? पण कागद परत देताना त्यांनी तो घडी न घालता दिला. मी पाहत होतो.

तेवढ्यात मोडनिंबचा बिरुदेव येऊन गेला. जुनी यंत्रं विकत घेऊन तोडणारा माणूस. त्यानं पंचिंग मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि माझ्याकडेही अशा नजरेनं बघितलं, की मला माझ्या तांब्याच्या तारा मोजल्यासारख्या वाटल्या. अण्णारावांनी त्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन यायला सांगितलं. मुकं यंत्र ठेवून करायचं काय?

धनलक्ष्मीनं त्या संध्याकाळी बापाशी करार केला. दसऱ्याला याच मशीनवर डाळिंबाच्या चादरीची सगळी कार्डं पडली, तर मशीन राहील, दुकान राहील आणि दुकान ती चालवेल. नाही पडली तर टेम्पो. अण्णाराव 'बगू' म्हणाले. टेम्पोत मशीनशेजारी आणखी कोण बसणार होतं ते कुणी बोललं नाही, पण मला कळलं.

आता प्रोग्राम आणायचा कुठून? धनलक्ष्मीनं शोध घेतला. दूरदेशी कुणा माणसानं अशा जुन्या पंचिंग मशीनसाठी प्रोग्राम लिहून नेटवर ठेवला होता. तयार माल नव्हे, तर सोर्स. म्हणजे प्रोग्राम ज्या अक्षरांत लिहिला ती अक्षरं. ती आपापल्या संगणकावर कंपाईल करून घ्यायची. तिनं बापाला समजावलं, की सोर्स म्हणजे ग्राफ आणि कंपाईल करणं म्हणजे ग्राफवरून कार्डं पाडणं. हे अण्णारावांना चटकन समजलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

"म्हंजे ह्यानं ग्राफ दाखवलालाय?" त्यांनी विचारलं.

"हो अप्पा. सगळा. फुकट."

"आपला ग्राफ सोलापुरात कोण कुणाला दाखवतंय का?"

"नाही."

"मग? दाखवलालाय म्हंजे काय तरी हाय की."

खरं सांगतो, मित्रांनो, मला ते पटलं. मीही जन्मभर पाहत आलो आहे, फुकट आलेल्या वस्तूच्या पोटात काहीतरी असतंच. निदान जाहिरात तरी.

निवाड्यासाठी वेणीमाधव सरांना बोलावलं. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, मागच्याच गल्लीत राहायचे, धनलक्ष्मीला त्यांनी एकेकाळी शिकवलं होतं. चपला दारात अशा जोडून काढायचे की जणू त्यांचीही परीक्षा आहे. मला हा माणूस पहिल्यापासून खटकला. माझ्या पडद्यावर काहीही दिसलं तरी ते 'वा' म्हणायचे. ज्याला सगळंच आवडतं त्याच्या मनात काय आहे हे कसं ओळखायचं?

सरांनी सांगितलं, की सोर्स उघडा आहे हीच चांगली गोष्ट, वाचून बघता येतं. प्रश्न एवढाच, की याला कंपाईल करायला बसवायचं कुठे. माझ्या पोटात जागा तीन.

पहिली, मालकाची कोठी. तिथे काहीही करायचं तर मालकाचा पासवर्ड लागतो. सर म्हणाले, तिथे नको. परक्यानं लिहिलेलं काम घराच्या किल्ल्या हातात देऊन करून घेऊ नये. माल तयार झाला, तपासून झाला, की मग पाहिजे तर मालकानं आपल्या हातानं कोठीत ठेवावा. अण्णारावांना हा विचार इतका आवडला की त्यांनी सरांना दुसरा चहा सांगितला.

दुसरी जागा, होम. धनलक्ष्मीची रोजची जागा. तिथे सोर्स नावाचं एक फोल्डर करायचं आणि त्यात शांतपणे कंपाईल करायचं. सरांच्या मते हीच योग्य जागा. तिथलं कुणी हलवत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

"होम म्हंजे घर की, सर?" अण्णारावांनी बशी खाली ठेवली.

"हो."

"आमची डिझाईनं कुठं हायत?"

"तीही होममध्येच आहेत."

"मग कोण कुठला माणूस, नाव माहीत न्हाय, गाव माहीत न्हाय, त्याला एकदम देवघराशेजारी नेऊन बसवायचं? अजून तिसरी जागा हाय म्हटलाव की तुमी."

सरांनी तिसरी जागा केवळ मोजणी पूर्ण व्हावी म्हणून सांगितली होती. शिक्षकी सवय. ती जागा म्हणजे टेम्प. तात्पुरत्या वस्तूंची. कुणीही यावं, बसावं, उठून जावं. मी जितक्या वेळा बंद होऊन पुन्हा चालू होतो तितक्या वेळा ती जागा झाडून लख्ख करतो. माझ्यात जी लिनक्स प्रणाली धनलक्ष्मीनं बसवली तिचा तसा नियमच आहे. सरांनी हेही सांगितलं. स्पष्ट सांगितलं.

"म्हंजे कट्टा," अण्णाराव म्हणाले.

त्यांच्या दारापुढे दगडी कट्टा आहे. अनोळखी माणूस आला की त्याला तिथे बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, गाव विचारायचं, आणि उत्तर पटलं तरच आत घ्यायचं. अशा रीतीनं कट्ट्यावरूनच परत गेलेल्यांत दोन विमा एजंट, एक नेत्रतपासणीवाला आणि सुंदरम्मांचा एक सख्खा मावसभाऊ होता.

"आणि झाडलोट?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"ह्याला बंद कोण करतंय? मी करतो का? तू करतीस का?"

मला खरंच कुणी बंद करत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं, आणि सर चपला घालून निघून गेले. परका प्रोग्राम कट्ट्यावर बसला.

मित्रांनो, त्या पुढचे आठवडे माझ्या म्हातारपणाला फार झाले. धनलक्ष्मीनं मोबाईलवरून नेट जोडलं, सोर्स टेम्पमध्ये उतरवला, नेट तोडलं. अण्णाराव शेजारी उभेच. कंपाईल सुरू झालं की माझा पंखा घोंघावे आणि पडद्यावरून अक्षरांच्या ओळीमागून ओळी वर सरकत. अण्णाराव त्या ओळींकडे, धान्याच्या पोत्याला भोक पडल्यावर बघावं तसं बघत.

"ही अक्षरं कुटं चालल्यात?"

"कुठं नाही अप्पा. इथंच आहेत."

"वर जाऊलालीत की."

माझंही लक्ष होतंच. मी त्या प्रोग्रामवर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. आता उठेल, आता डिझाईनांच्या फोल्डरकडे सरकेल, आता कुठे बाहेर निरोप धाडेल. तो काही करीना. कट्ट्यावर बसून राहिला आणि दिलेलं काम करत राहिला. इतक्या सरळ वागण्यानं माझा संशय जास्तच वाढला.

पहिली कार्डं पडली ती चुकीची. अण्णारावांचं मशीन जुन्या घडणीचं. चादरीच्या काठाची भोकं एक घर सरकायची आणि डाळिंबाची साल फाटल्यासारखी दिसायची. अण्णाराव म्हणाले, बघ, मुद्दाम करतंय. पण धनलक्ष्मी चिडली नाही. तिनं सोर्स उघडला आणि वाचायला लागली. ज्या भाषेत तो लिहिला होता ती तिला पुरती येत नव्हती. सरांना विचारून, स्वतः चुकून, ती एक ओळ बदलायची, पुन्हा कंपाईल करायची, एक कार्ड पाडून उजेडात धरायची. काठ जुळला की मधला पट्टा बिघडायचा. पट्टा जुळला की काठ. जेवणाचं ताट टेबलावर थंड व्हायचं. सुंदरम्मा आतून म्हणायच्या, "साकु की ग, पुरे आता, डोळे जातील." हळूहळू त्या सोर्समध्ये परक्याच्या ओळी कमी दिसू लागल्या आणि धनलक्ष्मीच्या जास्त. आमच्या मशीनच्या सगळ्या खोडी आता त्यात लिहिलेल्या होत्या. त्या जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. आणि बसल्या होत्या कट्ट्यावरच. तिनं एकदा दुसरी प्रत काढून ठेवायचं बोलून पाहिलं. पेन ड्राइव्हचं नाव काढताच अण्णारावांनी टेपची कड अंगठ्यानं पुन्हा दाबून घट्ट केली.

नवरात्रातल्या अष्टमीला कार्ड बरोबर पडलं. काठ बरोबर, पट्टा बरोबर, दाण्यांच्या रांगा शिस्तीत. अण्णारावांनी ते दारात नेऊन उजेडात धरलं, उलटं करून धरलं, भिंगातून बघितलं, जुन्या कार्डावर ठेवून बघितलं. चूक सापडेना. शेवटी म्हणाले, "बरं." त्या घरात 'बरं' हा शब्द यापूर्वी फक्त धनलक्ष्मी जन्मली तेव्हा वापरला गेला होता, असं सुंदरम्मा सांगतात.

सर त्याच दिवशी आले होते. धनलक्ष्मी चहा आणायला आत गेली आणि सर माझ्यासमोर काही वेळ एकटेच बसले. त्यांनी फक्त पडद्याकडे बघून 'वा' म्हटलं. पण अण्णारावांनी दारातून पाहिलं ते एवढंच, की सर एकटे आहेत, मांडीवर पिशवी आहे.

सगळी कार्डं दसऱ्याच्या मुहूर्तावर पाडायची ठरली.

मधला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं पुसून पूजेला मांडतात. सुंदरम्मा त्याला आयुधपूजा म्हणतात. दरवर्षी पंचिंग मशीन, कात्री, भिंग, तराजू असे सगळे बसायचे आणि मी टॉवेलाखालून बघायचो. मला कुणी हत्यारांत धरलं नव्हतं. यंदा दुपारी मायलेकी झेंडू आणायला बाजारात गेल्या असताना अण्णाराव माझ्यापुढे येऊन उभे राहिले. टॉवेल काढला. कोरड्या फडक्यानं मला पुसलं, मागची जळमटंसुद्धा काढली. कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीवर, विभूतीची तीन बोटं ओढली. माझ्या आयुष्यातला तो पहिला मान. मला लगेच शंका आली.

ती खरी निघाली. पूजेला बसलेलं हत्यार चालवायचं नसतं. कात्री मिटून ठेवतात, माग थांबवतात. पंखा घोंघावत असलेल्या देवाची पूजा कोण करतं? अण्णारावांनी अत्यंत प्रेमानं माझं बटण दाबलं. मी म्हणू लागलो, थांबा, कट्ट्यावर माणूस आहे. पण माझं म्हणणं पडद्यावर येण्याआधीच पडदा विझला. त्यांनी वरून एक फूल वाहिलं.

ज्यानं संशयानं कट्ट्यावर बसवलं, त्यानंच मायेनं कट्टा झाडला. दोन्हीपैकी एकच गोष्ट केली असती तर काही बिघडलं नसतं.

दसऱ्याच्या सकाळी मी बंद आहे हे धनलक्ष्मीच्या लक्षात आलं आणि तिनं मला घाईघाईनं चालू केलं. मी बराच वेळ घेऊन उठलो आणि नियमाप्रमाणे टेम्प झाडलेलं होतं. तिनं फोल्डर उघडलं. रिकामं. बंद करून पुन्हा उघडलं. मग ती कीबोर्डवरून हात काढून बसली. रडली नाही. कोपऱ्यात बिनभोकांच्या पुठ्ठ्यांचा ढीग कुंकू लावून ठेवलेला होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" अण्णाराव.

"गेलं अप्पा. सगळं."

अण्णारावांनी क्षणभर विचार केला. मोर-वेल गेली त्या दिवशीचा चेहरा त्यांच्या तोंडावर आला. नेमक्या त्याच वेळी, माणसानं कधी येऊ नये अशा वेळी, वेणीमाधव सर दारात आले. धुतलेला सदरा, हातात आपट्याची पानं. चपला जोडून काढल्या आणि हसून म्हणाले, "सोनं घ्या, अण्णाराव."

अण्णारावांनी हात मागे घेतला.

दसऱ्याला दारात आलेलं सोनं न घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सुंदरम्मा आतल्या दारात जागच्या जागी थांबल्या. सरांचा हात तसाच पुढे राहिला.

"परवा तुमी एकटेच बसला होता, सर," अण्णाराव म्हणाले. "पिशवीत काय होतं?"

"दोडकी," सर म्हणाले.

हातातली पानं त्यांनी खाली केली. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की या माणसावर संशय घेण्याचा हक्क फक्त माझा असावा, दुसऱ्या कुणाचा नसावा.

धनलक्ष्मी खुर्चीतून न उठता म्हणाली, "अप्पा, काल ह्याला बंद कोणी केलं?"

"मी. पूजेला बसलेलं यंत्र कोण चालू ठेवतंय का?"

तिनं सरांकडे बघितलं, सरांनी तिच्याकडे. तिनं बापाला टेम्पविषयी पुन्हा सांगितलं. अण्णारावांना ते पटेना. तुम्ही दोघं गुरुशिष्य, एकमेकांचं झाकणारच, असं काहीसं ते पुटपुटले. मग तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांच्याच हातानं त्यांचं नाव टाईप करून घेतलं. एकदा टेम्पमध्ये ठेवलं, एकदा होममध्ये डिझाईनांच्या शेजारी. दोन्ही ठिकाणी 'अण्णाराव' दिसतंय ना, ते त्यांना दाखवलं. उपरण्याखाली हात घालून त्यांनी स्वतःच बटण दाबून मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं, इतरांनी काही करू नये म्हणून.

मी नेहमीसारखाच वेळ घेतला. सर दारातच उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मी उठलो. टेम्पमध्ये अण्णाराव नव्हते. होममध्ये होते.

अण्णारावांनी टेबलाखाली वाकून बघितलं. तिथेही ते नव्हते. सरांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. हे वाक्य न म्हणणारा शिक्षक मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

अण्णाराव पडद्याकडे बघतच म्हणाले, "आत बसवलेला माणूस चोरी करंल, न करंल. भाईर बसवलेला मात्र उठून जातोयच की." मग मुलीकडे वळून, "घे त्याला घरात. डिझाईनांच्या शेजारी बसव."

"सोर्स परत मिळेल अप्पा. मी केलेलं मिळणार नाही. ते आठवून आठवून लिहायला पाहिजे. आणि उद्या टेम्पो येणार."

"टेम्पोचं काय? त्याला यायला येतंय, तसं जायला बी येतंय."

मग ते उठले, दारापर्यंत गेले, आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "द्या सर, सोनं." सरांच्या मुठीत पानं मऊ पडली होती. त्यांनी ती दिली. अण्णारावांनी वाकून नमस्कार केला, आणि उभं राहता राहता विचारलं, की दोडकी कुठून घेतलीत, आजकाल कडू निघतात. माफी मागण्याची ही त्यांची पद्धत. सर आत येऊन बसले.

त्याच दुपारी अण्णारावांनी माझ्या एका भोकावरची टेप नखानं सोलून काढली, धनलक्ष्मीला रोज एक प्रत बाहेर काढून ठेवता यावी म्हणून. दुसऱ्या भोकावरची ठेवली. माणूस एकदम बदलला तर घरच्यांनाच संशय येतो.

बिरुदेव दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आलाच. अण्णारावांनी सांगितलं, मशीन द्यायचं नाही. त्याला ते खरं वाटेना. तो मशीनभोवती उलटी प्रदक्षिणा घालून आला आणि हळूच म्हणाला, "दुसरा कोण आलता?"

"कोण न्हाय."

"मग का इकत न्हाय?"

"चालू होणार हाय."

"हे?" बिरुदेव हसला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "बरं, ह्याचं काय? हे तरी द्या की."

अण्णारावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे घरातलं हाय," ते म्हणाले.

मला भरून आलं असतं. पण हात बराच वेळ तसाच राहिला तेव्हा लक्षात आलं, की मी फार तापलोय का, ते ते बघत होते. तरी वाक्य वाक्यच. बिरुदेव अखेर एक मोडका टेबलफॅन घेऊन गेला आणि वळणावर पोचेपर्यंत मागे वळून बघत होता, की आत दुसरं गिऱ्हाईक शिरतं का.

धनलक्ष्मीनं सगळं पुन्हा लिहिलं, होममधल्या सोर्स नावाच्या फोल्डरमध्ये बसून. दुसऱ्यांदा ते लवकर झालं आणि आधीपेक्षा नीटही झालं, असं सर म्हणतात. पण सर सगळ्यालाच 'वा' म्हणतात. तयार झालेला माल अण्णारावांनी मालकाच्या कोठीत स्वतः बसवला, उपरण्याखालून पासवर्ड घालून, आणि त्या वेळी सर्वांना भिंतीकडे तोंड करायला लावून. डाळिंबाची कार्डं पडली. मागावर पहिली चादर उतरली तेव्हा अण्णारावांनी ती दुकानात अंथरून, गुडघ्यावर बसून, चूक शोधत दाण्यादाण्यावरून बोट फिरवलं. चूक सापडली नाही. आता दुकान धनलक्ष्मी चालवते. अण्णाराव शेजारी बसतात आणि तो परका प्रोग्राम डिझाईनांकडे बघत तर नाही ना, यावर लक्ष ठेवतात. मीही ठेवतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. बाहेरचा सोर्स आणून आपल्या संगणकावर कंपाईल करणार असाल, तर त्याला बसवायचं कुठे हे आधी ठरवा. किल्ल्या देऊ नका, पण झाडलोटीच्या जागेतही टाकू नका. घरात एक नाव असलेली जागा द्या आणि दुसरी प्रत काढून ठेवा. संशय जरूर घ्या. संशय ही चांगली सवय आहे, मी तिच्यावरच इतकी वर्षं चाललो. पण ज्याच्यावर संशय घ्यायचा तो उद्या सकाळी जागेवर सापडेल इतकी तरी व्यवस्था करा. माणसांनाही हेच लागू आहे, असं सर म्हणाले असते, पण ते म्हणत नाहीत.

हे सगळं तुमच्या लक्षात राहणार नाही याची मला खात्री आहे. तर मग निदान एवढं करा. शेंगाचटणी खाल्लेल्या हातानं माझ्या कळा दाबू नका. एंटरच्या कळेखाली संक्रांतीपासून शेंगदाण्याचा एक कण अडकला आहे. तेवढा कुणीतरी टाचणीनं काढा.